हात पाहून पत्ते

बुधवारचा बाजार उठता उठता
मादाम व्हेसेत दुकानात आल्या.
मियो गावात त्यांना न ओळखणारं कोण?
एक्केचाळीस वर्षं कोकराच्या कातड्यातून
परक्यांचे हात बेतून काढले त्यांनी:
साडेसहा, सात, सव्वासात.
हातमोज्यांचा कारखाना मिटला,
माप मात्र नजरेत राहिलं.
अजून त्या माणसाचं तोंड नंतर बघतात.

"टॅरोचा कॅट हवाय. घाई करू नकोस, फुल्क्रां."

मी आधी मोठा काढला. कुणी आलं की मोठाच काढतो.
सोनेरी कडा, पत्ता चांगला वीतभर,
आणि चित्रकार असा
की चंद्राच्या पत्त्याला तळ्याचा वास यावा.
त्यांनी पिसायला घेतला.
अंगठ्याच्या मुळाशी संधिवात ठाण मांडून,
त्याने नाही म्हटलं.
सम्राज्ञी फरशीवर, दोन पेले कपाटाखाली,
आणि अख्खं जग माझ्या बुटावर.
"देखणा आहे," त्या म्हणाल्या,
"पण याला मी सांभाळायचं.
या वयात मला उलटं हवं."

मग धाकटा. काडेपेटीहून जरा थोराड.
मुठीत गुडूप, पिसताना नुसती सळसळ.
त्या हसल्यासुद्धा.
पण संन्याशाचा कंदील म्हणजे मोहरीचा दाणा.
"हा मला वाट दाखवणार,
का मी चष्मा लावून याला?"

तिसरा सध्या खपतोय तो. धुकं, चंदेरी शाई, लांब केस.
त्यांनी भराभरा उलटला
आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला.
"हात कुठायत?"
मी पाहिलं. खरंच,
बाह्यांत, ढगांत, घोड्याच्या आयाळीत.
इतकी वर्षं विकतोय, कधी दिसलं नव्हतं.
"ज्याला हात जमत नाहीत तो बाह्या लांब करतो."

चौथ्यात हात होते.
सिंहाचा जबडा धरणाऱ्या बाईच्या डाव्या हाताला
उजवा अंगठा होता.
"याच्याकडून मी माझं पुढचं ऐकू?"

त्यांना काय ऐकायचं होतं, मी विचारलं नाही.
मार्चमध्ये त्यांची बहीण गेली, एवढं ठाऊक होतं.

बाहेर प्लेनच्या झाडांखाली चीजवाला गाडी भरत होता.
मी वरच्या फळीवरून पाचवा उतरवला, धुळीसकट.
लाल, निळा, पिवळा, बस्स.
रंग रेषेबाहेर सांडलेला, जुन्या ठशांच्या वळणाचा,
चेहरे सगळे एका आईचे.
त्या जादूगारावर थांबल्या.
जाड, बोजड हात.
"याने कांडी धरलेली नाही, पेललीय.
ज्याने हे कोरलं त्याने काहीतरी उचललेलं होतं."

पण पत्ता बोटभर रुंद. पांढरी चौकटच केवढी.
त्यांनी तळवा पसरला, पत्ता वर ठेवला,
एक डोळा मिटला.
आणि पिशवीतून कात्री काढली,
स्वतःची, काळ्या मुठीची.

"मादाम, किंमत उतरेल!"
"कुणाच्या नजरेत?"

अठ्ठ्याहत्तर पत्ते. पट्टी नाही, पेन्सिल नाही.
संधिवाताचा हात कात्रीत गेला की बरा होत असावा.
वरून आकडे पडले, खालून नावं:
पोप, न्याय, रथ, मनोरा,
माझ्या टेबलावर चिंध्या.
तेराव्याला नाव नव्हतंच मुळी.
विळा घेतलेला तो सांगाडा
पहिल्यांदाच बाकीच्यांत मिसळला.

"नावं गेली, मादाम."
"गावात मला कोण नावाने हाक मारतं?
ओळखतात की."

फक्त चंद्राशी कात्री घसरली,
कुत्र्याच्या शेपटीचा गोंडा गेला.
त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या.
"कातडं असतं," म्हणाल्या,
"तर मालकाने पगारातून कापलं असतं."

मग पिसले. एकही पडला नाही.
पैसे मोजून ठेवले, पूर्ण,
कापलेल्या कागदाचेसुद्धा,
आणि दारात वळून माझ्या हातांकडे बघत म्हणाल्या,
"आठ. पाऊण नको, पूर्ण आठ.
तुझ्या बापाचेही तेवढेच होते."